पुण्यातलं एक केअर सेंटर : औषधांचं कपाट आणि त्याची किल्ली

पुण्यात सिंहगड रस्त्याकडे ज्येष्ठ नागरिकांचं एक केअर सेंटर आहे, त्याबद्दलचा हा अभिप्राय. माझ्या सासूबाई तिथे गेल्या वर्षीच्या पावसाळ्याच्या आधीपासून राहतात. सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तिथल्या इतर रहिवाशांच्या आजारांचा आणि औषधांचा उल्लेख येणार आहे आणि ती माणसं कोण हे कुणाला कळायची गरज नाही. खोल्या, जेवण, बाग, संध्याकाळचं भजन यांबद्दल मी फारसं लिहिणार नाही. ते सगळं चांगलं आहे, आणि भेटायला गेलेल्या कुणालाही ते दिसतं. न दिसणारी गोष्ट म्हणजे औषधं: ती कुठे ठेवतात, कशी ठेवतात, किल्ली कुणाकडे असते आणि हिशोब कोण ठेवतं.

मी सरकारी रुग्णालयातून वॉर्डची इनचार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. आमच्या वॉर्डात डीडीएचं, म्हणजे मॉर्फिनसारख्या अंमली औषधांचं कपाट होतं. ज्या कायद्यावरून हे नाव पडलं तो डेंजरस ड्रग्ज ॲक्ट १९३०चा, त्याच्या जागी १९८५ साली एनडीपीएस हा अंमली पदार्थांचा कायदा आला, तरी सिस्टर लोक अजून डीडीएच म्हणतात. भिंतीत पक्कं केलेलं कपाट, त्याच्या आत दुसरी पेटी, दोन्हींना वेगळी कुलपं. मॉर्फिनचं, पेथिडिनचं रिकामं ॲम्प्यूल, म्हणजे इंजेक्शनची काचेची कुपी, परत केल्याशिवाय नवं मिळायचं नाही. ड्यूटी बदलताना जाणारी आणि येणारी अशा दोघींनी उभं राहून मोजायचं, मग सही, मग किल्ली. वॉर्डात कितीही धावपळ असो, हे मोजणं कुणी टाळत नसे. माझी सगळी नोकरी त्या शिस्तीत गेली, त्यामुळे सासूबाईंसाठी जागा शोधताना मी प्रत्येक ठिकाणी आधी औषधांचं कपाट बघायला मागत होते. काही ठिकाणी ऑफिसातल्या माणसाला माझा प्रश्नच कळला नाही.

या सेंटरच्या आधी सासूबाई काही महिने दुसऱ्या एका संस्थेत होत्या. तिथे सगळ्यांची औषधं स्वयंपाकघराला लागून असलेल्या उघड्या फडताळात, प्लॅस्टिकच्या डब्यांत. डब्यांवर नावं होती, पण झाकणांवर, आणि झाकणं एकमेकांची लागायची. इन्सुलिन दह्याच्या पातेल्याशेजारी, तेही बर्फाच्या कप्प्याला चिकटून. एक मुलगा रविवारी बसून सगळ्यांचे आठवड्याचे सात कप्प्यांचे डबे एकदमच भरायचा. गोळ्या स्ट्रिपमधून काढून मोकळ्या टाकलेल्या, त्यामुळे कुठली कशाची हे बुधवारी कुणालाच सांगता येत नसे. शेजारच्या खोलीतल्या आजींच्या झोपेच्या गोळ्या महिन्याच्या आत संपायच्या आणि त्यांच्या मुलीला दरवेळी नवी चिठ्ठी आणावी लागायची. त्या कुठे जातात हे तिने विचारलं तेव्हा "आजी स्वतःच मागून घेतात" असं उत्तर मिळालं. आजींना स्मृतिभ्रंश होता. आम्ही सासूबाईंना तिथून हलवलं.

आता या सेंटरबद्दल.

औषधांची वेगळी खोली आहे. तळमजल्यावर, नर्सिंग स्टेशनच्या मागे, उत्तरेकडच्या बाजूला. दिशा सांगते कारण पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि बहुतेक औषधांच्या पाकिटावर २५ किंवा ३० अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं. पश्चिमेच्या खिडकीतलं कपाट दुपारी हात लावता येणार नाही इतकं तापतं. इथे खिडकीला जाड पडदा आहे आणि भिंतीवर खोलीचं तापमान दाखवणारा छोटा मीटर आहे. मे महिन्यात मी त्यावर २९ पाहिलं. दारासमोर कॅमेरा आहे, दाराला कुलूप आहे आणि किल्ली ड्यूटीवरच्या सिस्टरच्या गळ्यातल्या पट्ट्याला असते. सफाईच्या मावशी सिस्टर सोबत असल्याशिवाय त्या खोलीत जात नाहीत. मी एकदा मुद्दाम मावशींनाच विचारलं, "मावशी, आतलं झाडायचं कधी?" त्या म्हणाल्या, "सिस्टर मोकळ्या झाल्या की. किल्ली आम्हाला देत नाहीत."

आत लोखंडी कपाटात प्रत्येक रहिवाशाचा स्वतंत्र ट्रे आहे. ट्रेच्या पुढच्या पट्टीवर नाव, खोली क्रमांक, फोटो, आणि लाल अक्षरांत ॲलर्जी. फोटो फार महत्त्वाचा. या सेंटरमध्ये एकाच आडनावाच्या दोन आजी आहेत, दोघींचं पहिलं नावही सारखं, आणि एकीला मधुमेहावरची ग्लिमेपिराइडची गोळी आहे, दुसरीला साखरेचा आजारच नाही. मधुमेह नसलेल्या ऐंशी वर्षांच्या बाईच्या पोटात ग्लिमेपिराइड गेली तर साखर उतरून ती झोपेतच बेशुद्ध होऊ शकते, आणि सकाळपर्यंत कुणाला कळणारही नाही. या दोघींचे ट्रे वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवलेत आणि दोन्हींवर "समान नाव" अशी पिवळी पट्टी आहे. ही गोष्ट मला कुणी दाखवली नाही, मीच बघितली, आणि तिथेच माझं मन या जागेवर बसलं.

गोळ्या शेवटपर्यंत स्ट्रिपमध्येच राहतात. द्यायच्या वेळी सिस्टर ट्रे काढते, तक्ता समोर ठेवते, स्ट्रिप दाबून गोळी वाटीत टाकते, रहिवाशाने गिळली हे बघते आणि मगच सही करते. वेळखाऊ काम आहे. पण काही गोळ्या उघड्या राहिल्या की बिघडतातच: आकडीवर देतात ती व्हॅलप्रोएट हवेतला ओलावा ओढून घेते, रक्त पातळ करणारी डॅबिगॅट्रान कॅप्सूल तिच्याच पाकिटात ठेवायची असते. पावसाळ्यात मोकळ्या डब्यात ठेवलेल्या अशा गोळ्यांवर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

तुकडा केलेली स्ट्रिप इथे घेत नाहीत. आपण कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे "चार गोळ्या द्या" म्हणतो, तो कात्रीने कापून पांढऱ्या पाकिटात घालून देतो. एक्स्पायरी आणि बॅच नंबर स्ट्रिपच्या एका कडेला असतो, तो केमिस्टकडच्या तुकड्यावर राहतो. घरी चालून जातं, कारण घरात दोन माणसं आणि दोन गोळ्या. चाळीस माणसांच्या कपाटात बिनतारखेचा तुकडा नको. नातेवाईक यावरून कुरकुर करतात, सुरुवातीला माझे दीरही चिडले होते, पण सेंटर आपल्या म्हणण्यावर ठाम राहिलं.

सासूबाईंना पार्किन्सन आहे. त्यामुळे वेळेच्या बाबतीत मी या सेंटरला रोजच पारखत असते. त्यांची सिंडोपाची गोळी सकाळी ६, १०, दुपारी २ आणि संध्याकाळी ६ अशी आहे, आणि जेवणाच्या आधी, कारण डाळ-दुधातल्या प्रथिनांमुळे तिचा असर कमी होतो. अर्धा-पाऊण तास उशीर झाला की त्यांचे पाय जमिनीला खिळतात, चमचा तोंडापर्यंत जात नाही. आधीच्या ठिकाणी "सकाळची, दुपारची, रात्रीची" असा हिशोब होता आणि त्या दुपारभर खुर्चीत ताठरून बसलेल्या असायच्या. इथे त्यांच्या ट्रेवर घड्याळाचं चित्र चिकटवलंय आणि चार वेळा लिहिल्यात. पहाटे ६ची गोळी रात्रपाळीची सिस्टर ड्यूटी संपायच्या आधी देते, दिवसपाळीवर ढकलत नाही.

त्याच ट्रेवर लाल शाईत आणखी एक ओळ आहे: "पेरिनॉर्म देऊ नये. हॅलोपेरिडॉल देऊ नये." उलटी झाली की पेरिनॉर्मचं इंजेक्शन ही आपल्याकडची सवयच आहे, आणि पार्किन्सनच्या माणसाला ते औषध, तसंच भ्रम-अस्वस्थतेवरचं हॅलोपेरिडॉल, आणखी आखडवतं. रात्री दोन वाजता बोलावलेल्या बाहेरच्या डॉक्टरला सासूबाईंचा आजार ठाऊक असेलच असं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर ती लाल ओळ असणं हीच सुरक्षितता. मी ही ओळ सुचवली तेव्हा इनचार्ज सिस्टरने लगेच लिहिली, आणि पुढच्या वेळी गेले तर पार्किन्सनच्या आणखी एका काकांच्या ट्रेवरही ती आलेली होती.

आता कुलपातल्या कुलपाबद्दल. झोपेच्या, चिंतेच्या आणि तीव्र वेदनेच्या औषधांसाठी वेगळी पेटी आहे, कपाटाच्या आत, भिंतीला बोल्ट मारून बसवलेली. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल, सासूबाईंचे पाठीच्या मणक्यासाठीचे, कातडीवर चिकटवायचे ब्युप्रेनॉर्फिनचे पॅच, आणि कर्करोग असलेल्या एका काकांच्या मॉर्फिनच्या गोळ्या. ते काका आता नाहीत; त्यांच्या गोळ्या त्यांचा मुलगा मान्यताप्राप्त रुग्णालयातून त्यांच्या नावावर आणायचा. यातली अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल ही शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवायच्या औषधांच्या सरकारी यादीत येतात. हे शेड्यूल १ मार्च २०१४ पासून लागू आहे. केमिस्टने अशी औषधं विकताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायची आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं, असा नियम आहे. ट्रॅमाडॉल तर २०१८ साली एनडीपीएसखालीही आलं. म्हणजे केमिस्टच्या काउंटरपर्यंत एकेका गोळीचा माग आहे. ती गोळी तिथून वृद्धाश्रमाच्या फडताळात आली की माग तुटतो, आणि नेमकी तिथेच ती अशा माणसाजवळ असते ज्याला ती हरवल्याचं सांगता येत नाही. या सेंटरने तो माग पुढे चालू ठेवलाय, यासाठी मी त्यांना मनापासून मानते.

रजिस्टर मी बघितलं. इतरांची पानं त्यांनी कागदाने झाकली आणि फक्त सासूबाईंचं पान दाखवलं, तेही योग्यच. कॉलम असे: तारीख, वेळ, औषध, मात्रा, कुणी दिलं, साक्षीदार, शिल्लक. पानांवर छापील नंबर, त्यामुळे पान फाडता येत नाही. खाडाखोड नाही, चूक झाली तर एक आडवी रेघ आणि बाजूला सही. एका नोंदीत लिहिलं होतं, "अर्धी गोळी तोडताना चुरा झाला, दोघींसमोर नष्ट केली," खाली दोन सह्या, आणि शिल्लक बरोबर एकने कमी. अशी नोंद दिसली की मला विश्वास वाटतो. महिनोन् महिने एकही गोळी न पडलेलं, न सांडलेलं रजिस्टर मी नोकरीत खूप बघितलं, आणि ते सहसा खरं नसतं.

पॅचचं तर आणखी बारकाईने करतात. ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच सात दिवसांनी बदलायचा. नवा लावताना सिस्टर त्यावर पेनने तारीख लिहिते, शरीरावरच्या जागेची नोंद करते, कारण पुन्हा त्याच जागी लगेच लावायचा नसतो. त्या बाजूला गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, उष्णतेने औषध जास्त सुटतं. हे मावशींनाही शिकवलेलं आहे. काढलेल्या पॅचमध्ये औषध उरलेलं असतं. तो चिकट बाजू आत दुमडून त्याच पेटीत एका डबीत जातो आणि नष्ट होईपर्यंत त्याचीही मोजणी होते. आधीच्या ठिकाणी जुना पॅच खोलीतल्या कचऱ्याच्या बादलीत पडलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय, आणि त्याच मजल्यावर हाताला लागेल ते तोंडात घालणारे एक आजोबा होते.

झोपेच्या गोळ्यांना कुलूप चोरीसाठी हवंच, पण माझ्या मते त्याहून मोठं कारण वेगळं आहे. रात्री दोनच माणसं ड्यूटीवर, एखादे आजोबा हाका मारतायत, शेजारचे उठतायत, आणि हाताशी अल्प्राझोलामची स्ट्रिप. अशा वेळी दमलेल्या माणसाला एक गोळी जास्त द्यायचा मोह होतो, आणि सकाळी आजोबा गुंगीत उठून बाथरूममध्ये पडतात, खुब्याचं हाड मोडतं. दोन सह्या आणि शिल्लक कॉलम असला की तो मोह तिथेच थांबतो. "गरज पडल्यास" म्हणून लिहिलेली झोपेची गोळी दिली तर कारण लिहावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर ती नोंद बघून सही करतात. सासूबाईंच्या पानावर अशा नोंदी मोजक्याच आहेत आणि प्रत्येकीला कारण आहे.

फ्रिज वेगळा आहे, त्यात खाण्याचं काही नाही, आणि त्यालाही कुलूप आहे. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, दारातल्या कप्प्यात नाही आणि बर्फाच्या कप्प्याजवळही नाही, कारण गोठलेलं इन्सुलिन फेकण्याच्याच लायकीचं. उघडलेल्या बाटलीवर उघडल्याची तारीख, आणि २८ दिवसांनंतर ती बाद, त्यांचा हा नियम आहे आणि तो पाळलेला दिसला. मला सगळ्यात आवडलं ते सिरिंजांचं: आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि पेनमधलं १०० युनिटचं, सिरिंजाही दोन प्रकारच्या, एकीचं टोपण लाल आणि दुसरीचं नारिंगी. १०० युनिटचं इन्सुलिन ४०च्या सिरिंजने भरलं तर अडीचपट जातं. इथे दोन्ही प्रकार दोन वेगळ्या खणांत आहेत आणि खणांच्या तोंडावर टोपणाचा रंग रंगवलेला आहे. नवी आलेली मुलगीसुद्धा हात घालताना चुकणार नाही.

मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या एक काकू आहेत, सांधेदुखीसाठी, आठवड्यातून एकदा. ही गोळी चुकून रोज दिली गेली तर जिवावर बेतते, असं जगभर घडलेलं आहे. त्यांची स्ट्रिप रोजच्या ट्रेमध्ये नाहीच. वेगळ्या पाकिटात, वर मोठ्या अक्षरांत "फक्त मंगळवार", आणि ते पाकीट आतल्या पेटीत. रक्त पातळ करणाऱ्या ॲसिट्रॉमचंही तसंच काहीतरी करावं असं मी सुचवलंय, कारण १ मिलिग्रॅमची आणि ४ मिलिग्रॅमची स्ट्रिप एकाच फळीवर दिसली. अजून केलेलं नाही.

आणि सगळ्यालाच कुलूप नको, हेही या लोकांना कळतं. दम्याचा पंप आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ही औषधं किल्ली शोधण्यात वेळ घालवायची नाहीत. शाळेतून निवृत्त झालेले एक सर आहेत, डोकं अगदी शाबूत, त्यांची सॉर्बिट्रेट त्यांच्या गळ्यातल्या छोट्या पिशवीत असते आणि पंप उशाच्या खणात. त्यासाठी डॉक्टरांनी "स्वतः घेऊ शकतात" असं लेखी दिलंय, खणाला कुलूप आहे आणि एक किल्ली सरांकडे, दुसरी सिस्टरकडे. कधी घेतली ते सर स्वतःच्या वहीत लिहितात. म्हाताऱ्या माणसाच्या हातातून त्याचं सगळं काढून घेणं म्हणजे सुरक्षितता नाही. सर ती पिशवी ज्या रुबाबात घालतात ते बघून बरं वाटतं.

इंग्लंडमध्ये माझी भाची केअर होममध्ये नर्स आहे. तिच्याकडेही मॉर्फिनसारख्या औषधांचं वेगळं रजिस्टर, दोन सह्या, चालू शिल्लक असंच असतं. मी तिला व्हिडिओ कॉलवर इथली पद्धत सांगितली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "मावशी, रविवारी काय करतात?" पोरीने नेमकं दुखणं पकडलं.

कारण तक्रारी आहेत, आणि त्या मी सेंटरला लेखी दिल्यात.

रविवारी आणि सणाच्या दिवशी बदली स्टाफ असतो. गणपतीत मी दुपारी गेले तर औषधखोलीची किल्ली ऑफिसातल्या व्यवस्थापकांच्या टेबलावर होती. आतल्या पेटीची किल्ली सिस्टरकडेच होती, पण बाहेरचं कपाट जवळजवळ उघड्यासारखंच. विचारलं तर म्हणाले, "ताई, आजच्यापुरतं." सुट्टीच्या दिवशीच नातेवाइकांची गर्दी जास्त, मुलं इकडेतिकडे पळत असतात, स्टाफ नवा. त्या दिवशी शिस्त जास्त हवी. यावर त्यांनी बदली सिस्टरसाठी वेगळी सही-वही सुरू केलीय, पण ती नीट चालते का हे सांगायला अजून थोडा काळ जायला हवा.

दुसरं, औषधांची ट्रॉली. दुपारच्या फेरीत सिस्टर फोन घ्यायला गेली आणि ट्रॉली जेवणघराच्या दारात खण उघडा ठेवून उभी. एक आजी त्यातली वाटी उचलून बघत होत्या. मी तिथेच उभी राहिले, सिस्टर आली, तिला सांगितलं. वाईट वाटलं ते तिच्याबद्दल नाही, ती एकटी वीस-बावीस जणांना गोळ्या देत होती आणि फोनही तिलाच घ्यायचा होता. औषधाच्या फेरीत सिस्टरला कुणी हाक मारायची नाही, फोन ऑफिसने घ्यायचा, एवढा साधा नियम हवा. काही रुग्णालयांत त्या वेळी सिस्टर वेगळ्या रंगाचा ॲप्रन घालतात. सेंटरने "बघतो" म्हटलंय.

तिसरं, फ्रिजच्या तापमानाचा तक्ता. महिनाभर रोज दोन वेळा ४, ४, ४, ४. पुण्यात वीज जाते, इन्व्हर्टर फ्रिजला जोडलेला नव्हता, तरी ४च. मी इनचार्ज सिस्टरशी शांतपणे बोलले. तिनेही ते मान्य केलं आणि आता सर्वांत कमी-सर्वांत जास्त तापमान लक्षात ठेवणारा डिजिटल मीटर बसवलाय, फ्रिज इन्व्हर्टरवर घेतलाय. आताच्या तक्त्यात ३ आहे, ६ आहे, एका रात्री ९ आहे आणि त्यासमोर "वीज नव्हती, डॉक्टरांना कळवलं" असं लिहिलंय.

चौथी तक्रार पैशांची आणि थोडी मनाचीही. औषधं त्यांच्याच ठरलेल्या केमिस्टकडून घ्यावी लागतात. त्याचं कारण मला पटतं: पूर्ण स्ट्रिप, बिल, बॅच नंबर, परत करायची सोय. पण तो केमिस्ट मधूनच दुसऱ्या कंपनीची गोळी पाठवतो. औषध तेच, रंग वेगळा. सासूबाई रंगावरून गोळी ओळखतात. पिवळीऐवजी निळी आली की "ही माझी नाही" म्हणून तोंड मिटून घेतात, आणि बरोबरच आहे त्यांचं, आम्हीच त्यांना शिकवलंय की अनोळखी गोळी घ्यायची नाही. ब्रँड बदलायचा असेल तर आधी घरी कळवावं, असं मी लिहून दिलंय. गेल्या वेळी कळवलं.

गेलेल्या रहिवाशांच्या औषधांचं काय करतात हा प्रश्न प्रत्येकाने कुठल्याही सेंटरला विचारावा. लोकांना विचारायला जड जातं. आधीच्या संस्थेत उरलेली औषधं "दुसऱ्या गरजूला" म्हणून त्याच फडताळात राहायची, भावना चांगली असेल, पण नाव खोडलेल्या स्ट्रिपा दुसऱ्याच्या पोटात जायच्या. इथे सगळी मोजून, यादी करून, नातेवाइकांच्या सहीने बाजूला काढतात. एच-वनमधली आणि एनडीपीएसमधली औषधं दोन साक्षीदारांसमोर नष्ट होतात आणि रजिस्टरमध्ये शिल्लक शून्य येते. मॉर्फिनवाले काका दिवाळीनंतर गेले. त्यांच्या मुलाने मला सांगितलं की त्या यादीवर सही करताना त्याला पहिल्यांदा जाणवलं, बाबांची इथे किती नीट काळजी घेतली गेली होती.

खर्च: दोन जणींच्या खोलीतल्या एका जागेसाठी आम्ही महिन्याला ३८ हजार देतो, औषध व्यवस्थापनाचे वेगळे दीड हजार, औषधांचं बिल निराळं. स्वस्त नाही. त्या दीड हजारावर कुरकुर करणारे नातेवाईक मला भेटतात. त्या पैशात प्रशिक्षित सिस्टर प्रत्येक पाळीला असते, नुसती "केअरटेकर" नाही, एवढं लक्षात घ्यावं. डॉक्टर व्हॉट्सॲपवर औषध बदलतात तेव्हा इथल्या सिस्टर नुसत्या मेसेजवर जास्त काळ चालवत नाहीत, एका दिवसात सही केलेली चिठ्ठी मागतात. एवढा आग्रह धरायला शिकलेलं आणि ठाम माणूस लागतं.

कुणासाठी ही जागा चांगली: ज्यांच्या आईवडिलांना वेळेला बांधलेली औषधं आहेत, पार्किन्सन, मधुमेह, आकडी, ज्यांना वेदनेवरची कडक औषधं लागतात, ज्यांची स्मृती गेलीय आणि ज्यांना स्वतःचं संभाळता येत नाही. ज्यांना दोन-तीन साध्या गोळ्या आहेत आणि तब्येत ठणठणीत आहे, त्यांना कमी पैशांत दुसरीकडेही छान राहता येईल.

भेट द्यायला जाल तर रविवारी दुपारी जा, आधी कळवू नका. औषधखोली दारातून बघायची विनंती करा, इथे नाही म्हणत नाहीत. पाचपैकी चार देते. रविवारची किल्ली आणि ट्रॉलीचं काम नीट लागलं की याच ठिकाणी येऊन पाच करीन. पुढच्या महिन्यात नातेवाइकांची बैठक आहे, ॲसिट्रॉमच्या वेगळ्या खणाचा विषय मी यादीत घालायला सांगितलाय.